पेन्सिल टूडी आणि एक साधा पेन टॅब्लेट : सहा महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मी आर्टिस्ट वगैरे नाही. दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसणारी बाई आहे. शाळेत वहीच्या कोपऱ्यात काडीचा माणूस काढायचा आणि पानं अंगठ्याने फर्रकन सोडली की तो उड्या मारायचा, तेवढाच काय तो माझा अ‍ॅनिमेशनचा अनुभव. सहा महिन्यांपूर्वी ते भूत परत मानगुटीवर बसलं आणि तेव्हापासून मी पेन्सिल टूडी हे फुकटातलं सॉफ्टवेअर आणि स्क्रीन नसलेला एक छोटा पेन टॅब्लेट (म्हणजे पाटी, तिच्यावर पेन फिरवला की रेघ कम्प्युटरच्या स्क्रीनवर उमटते) वापरतेय. दोन्हीबद्दल लिहायचंय, पण जास्त सॉफ्टवेअरबद्दल, कारण टॅब्लेटबद्दल सांगण्यासारखं कमी आहे आणि त्यातलं अर्धं रडगाणं आहे.

सुरुवात मी चुकीचीच केली होती. म्हणजे सगळे करतात तशी. आधी एक ऑनलाइन कोर्स घेतला (नाव घेत नाही), त्यात पहिले चार व्हिडिओ कुठला कम्प्युटर घ्या, कुठलं सॉफ्टवेअर घ्या यातच गेले आणि पाचव्या व्हिडिओत थेट कॅरेक्टरला हाडं लावायची, रिगिंग, आणि मला अजून एक चेंडू धड हलवता येत नव्हता. त्यातच डोक्यात तीन मिनिटांची गोष्ट तयार. स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्टीचा चित्रांतला आराखडा, तोही काढला, चांगला वीस पानांचा. मग एका रात्री कॅल्क्युलेटर काढला. सेकंदाला १२ चित्रं धरली (सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो, पण हाताने काढताना बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, त्याला ऑन टूज म्हणतात, म्हणजे १२) तर मिनिटाला ७२० आणि तीन मिनिटांना २१६० चित्रं. एकाला पाच मिनिटं धरली, म्हणजे मी स्वतःवर फारच मेहेरबान होऊन धरली, तरी १८० तास. नोकरी सांभाळून रोज एक तास म्हणजे सहा महिने, तेही एकही चित्र खोडायचं नाही या अटीवर. स्टोरीबोर्ड गुपचूप कपाटात गेला.

मग ठरवलं की दहा सेकंदांच्या वर काही करायचंच नाही आणि त्यासाठी सगळ्यात हलकं जे मिळेल ते घ्यायचं. असं करत पेन्सिल टूडीपाशी आले.

तर पेन्सिल टूडी काय आहे, तर जवळजवळ कागदच आहे. ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, माझ्या जुन्या लॅपटॉपवर, जिथे ब्राउजरचे दहा टॅब उघडले की पंखा किंचाळतो, तिथे हे मुकाट चालतं. उघडलं की मध्ये पांढरी जागा, बाजूला मोजकी टूल्स, पेन्सिल, पेन, ब्रश, खोडरबर, बादली, सिलेक्ट वगैरे, आणि खाली टाइमलाइन. लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा, फक्त चार प्रकारचे: बिटमॅप (ठिपक्यांनी बनलेलं चित्र), व्हेक्टर (गणिती रेघांनी बनलेलं), साउंड आणि कॅमेरा. बस. पहिल्या दिवशी मी विचारात पडले की बाकीचं कुठे आहे, तर बाकीचं नाहीच आहे. आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, कारण मेन्यू धुंडाळण्याच्या नावाखाली वेळ काढायची सोयच नाही, चित्र काढा नाहीतर बंद करा.

ऑनियन स्किन हा याचा जीव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मागची चित्रं लाल आणि पुढची निळी अशी पुसट दिसत राहतात, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि त्यांच्या मध्ये तुम्ही तुमचं चित्र काढायचं. किती मागची, किती पुढची ते ठरवता येतं. मी आधी हावरटासारखी पाच-पाच लावून ठेवली, स्क्रीनवर नुसता गुंता, माझीच रेघ मला सापडेना. आता दोन मागची एक पुढची, पुरे.

आता चेंडू. अ‍ॅनिमेशन शिकायला लागलेला प्रत्येक जण चेंडू उडवतो आणि प्रत्येकाला वाटतं यात काय एवढं. मी पण दहा मिनिटांत काढला. वरून खाली आठ चित्रं, सगळी सारख्या अंतरावर, छान रेषेत. प्ले केलं तर चेंडू लिफ्टमधून खाली आला. अक्षरशः. खाली टेकला, परत लिफ्टने वर गेला. वजनच नाही. दोन दिवस मला वाटत राहिलं की माझा गोल नीट नाही म्हणून तसं दिसतंय, तर मी गोल सुधारत बसले! गोलाचा काही संबंध नव्हता, गडबड दोन चित्रांमधल्या अंतरात होती. याला स्पेसिंग म्हणतात. टायमिंग म्हणजे किती फ्रेममध्ये, आणि स्पेसिंग म्हणजे त्या फ्रेम कुठे कुठे.

यात मला शाळेचं फिजिक्स उपयोगी पडलं, जे आयुष्यात परत कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. सोडलेली वस्तू खाली येताना सारख्या वेळात कापलेली अंतरं १, ३, ५, ७, ९ अशी वाढत जातात, हे गॅलिलिओने शोधलेलं. म्हणजे पाच चित्रांत चेंडू पाडायचा असेल तर उंचीचे २५ भाग करा, पहिल्यात एक भाग खाली, मग तीन, मग पाच, असं. मी कॅनव्हासवर वेगळ्या लेयरला पट्टीसारख्या खुणा करून घेतल्या आणि त्या खुणांवर गोल टाकत गेले. गोल वेडेवाकडे होते. प्ले केलं आणि चेंडू पडला. म्हणजे खरंच पडला हो, मी खुर्चीत मागे झाले. वरती चित्रं गर्दी करून, खाली विरळ, एवढाच फरक, पण वजन आलं. आणि हिशोब पण जुळतो, टेबलाच्या उंचीवरून खऱ्या चेंडूला खाली यायला साधारण ०.४ सेकंद लागतात, १२च्या स्पीडला जवळपास पाच चित्रंच होतात.

मग लागली चटक. दर उडी आधीच्यापेक्षा बुटकी आणि वेळानेही छोटी करायची, नुसती उंची कमी करून वेळ तोच ठेवला तर चेंडू चंद्रावर असल्यासारखा दिसतो. मग चपटा करणं आणि ताणणं, स्क्वॅश आणि स्ट्रेच, जे डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ मध्ये मांडलेल्या बारा तत्त्वांमधलं पहिलं. इथे पण माती खाल्ली. मी चेंडू टेकायच्या आधीच्या चित्रात चपटा केला होता, तर असं दिसत होतं की चेंडूला जमीन यायच्या आधीच कळलंय आणि तो घाबरून अंग चोरतोय. आधी ताणलेला, मग टेकलेला, मग चपटा, आणि चपटा केला की रुंद पण करायचा, आतला माल तेवढाच राहिला पाहिजे, नाहीतर चेंडू हवा गेल्यासारखा वाटतो. हे सगळं पुस्तकात वाचून कळत नाही असं नाही, कळतं, पण हातात येत नाही.

सांगायचा मुद्दा, हे सगळं करताना सॉफ्टवेअर कुठेच आड आलं नाही. फ्रेम वाढव, काढ, मागे जा, पुढे जा, लूप लाव, बघ. टाइमलाइनवरची फ्रेम धरून सरकवली की टायमिंग बदललं. पाच चित्रांची पडझड चार चित्रांत कशी दिसते, सहात कशी दिसते हे तिथल्या तिथे कळतं.

एक सेटिंग मात्र आत्ताच सांगून ठेवते. रिकाम्या फ्रेमवर तुम्ही पेन टेकवला तर काय व्हावं हे प्रेफरन्सेसमध्ये ठरवता येतं: नवीन कोरी फ्रेम तयार व्हावी, मागच्या फ्रेमची कॉपी यावी, की मागच्याच फ्रेमवर काढणं चालू राहावं. मी हौसेने सगळ्या सेटिंग्ज उघडून बघताना तिसरा पर्याय निवडून बसले आणि विसरले. मग एका रविवारी तासभर मन लावून काढलेली सगळी चित्रं एकाच फ्रेमवर एकावर एक, सहा पाय आठ हात असलेला प्राणी. चूक माझीच. पहिला पर्याय ठेवा आणि त्याला हात लावू नका. ऑटोसेव्ह पण तिथेच आहे, तो चालू करा. आणि कॅमेऱ्याची साइज काम सुरू करायच्या आधी बघून घ्या, एक्सपोर्टमध्ये कॅमेऱ्याच्या चौकटीतलंच येतं, बाहेर काढलेलं सगळं गेलं, माझ्या एका मांजराची शेपटी अशीच गेली.

कॅमेरा लेयर हे एक छान प्रकरण आहे. पेन्सिल टूडीमध्ये मधली चित्रं आपोआप भरून मिळत नाहीत, प्रत्येक चित्र हातानेच, पण कॅमेऱ्याला मात्र टाइमलाइनवर दोन ठिकाणी की (कॅमेरा तेव्हा कुठे असेल याची खूण) लावली की मधली हालचाल ते स्वतः करतं. त्यामुळे एका मोठ्या चित्रावरून हळूहळू सरकत जायचं, जवळ जायचं, हे फुकटात मिळतं. मी त्याचा इतका गैरवापर केला की एका आठवड्यात माझ्या प्रत्येक क्लिपमध्ये झूम इन होता. लग्नाच्या व्हिडिओसारखं झालं होतं ते.

आता काय नाही ते. ब्रश अगदी साधे आहेत, वॉटरकलरचा पोत वगैरे हवा असेल तर इथे नाही मिळणार. व्हेक्टर लेयर आहे पण मला त्यात रमता आलं नाही, बिटमॅपच बरा, माझ्या ओळखीत जे हे वापरतात तेही बिटमॅपवरच काम करतात. हाडं, रिग, ओठांची हालचाल आपोआप, यातलं काही नाही. आवाज टाकता येतो, पण तो ऐकून फ्रेम जुळवायचं काम तुमचं. रंग भरणं कंटाळवाणं आहे, बादली ओतली की रेघेत जरा फट असेल तर रंग भसकन बाहेर, म्हणजे हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होतं पण ६० फ्रेम रंगवताना जास्त जाणवतं. मी रंग भरणं सोडूनच दिलं. काळी रेघ, पांढरा कागद. शिकताना रंगाची गरज नसते, ती हौस असते (आणि हौसेला मोल नसतं हे खरं, पण वेळ लागतो).

एक्सपोर्ट एमपीफोर होतं, गिफ होतं, नुसत्या चित्रांची मालिका पण होते, आणि ही शेवटची सोय फार कामाची, कारण उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं झालं तर तुमचं काम अडकून पडत नाही.

दुसरं वापरलं का, तर हो, सगळं चाखून झालंय. क्रिटा, मुळात पेंटिंगचं, अ‍ॅनिमेशन त्यात २०१६ पासून आलं, ब्रश म्हणाल तर मेजवानी, ज्यांना चित्र आधीपासून चांगलं येतं त्यांनी खुशाल तिथूनच सुरू करा. पण मोठा कॅनव्हास घेऊन लेयर वाढवत गेलात की मेमरी खातं, आणि माझ्यासारखी बाई दोन तास ब्रश बदलत बसते आणि एक फ्रेम काढून झोपते. ओपनटून्झ, हे टून्झ नावाच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचं ओपन सोर्स रूप, २०१६ लाच मोकळं केलं, जपानच्या प्रसिद्ध स्टुडिओ जिब्लीत टून्झ वापरत असत, त्यामुळे मी भक्तिभावाने डाउनलोड केलं, उघडलं, उभ्या एक्सशीटकडे (फ्रेम वरून खाली मांडलेल्या तक्त्याकडे) बघितलं आणि भक्तिभावानेच बंद केलं. ताकद आहे त्यात, शंका नाही, पण पहिल्या महिन्यात नको. ब्लेंडरचं ग्रीस पेन्सिल म्हणजे थ्रीडी जागेत टूडी चित्र, भन्नाट प्रकार, आणि ब्लेंडर फुकट आहे म्हणून कमी समजू नका, २०२५ चा बेस्ट अ‍ॅनिमेटेड फीचरचा ऑस्कर ब्लेंडरमध्ये बनवलेल्या सिनेमाला मिळालाय. पण ज्याला चेंडू पाडता येत नाही त्याने तिथे गेलं तर अर्धा जीव व्ह्यूपोर्ट, म्हणजे थ्रीडी जागा दाखवणारी खिडकी, फिरवण्यातच जातो. मी गेले होते म्हणून सांगते.

आता टॅब्लेट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार करणार आहे आणि ती बहुतेक सगळ्याच स्वस्त टॅब्लेटना लागू आहे. स्क्रीन नसलेला, वहीएवढा, पेनला चार्जिंग लागत नाही, प्रेशरच्या (पेन किती दाबला ते ओळखायच्या) ८१९२ लेव्हल असं खोक्यावर मोठ्या अक्षरात. त्या आकड्यावर अजिबात जाऊ नका, माझ्या हाताला त्यातल्या दहा-बाराच कळतात. पहिला आठवडा भयंकर गेला. हात खाली टेबलावर, डोळे वर स्क्रीनवर, स्वतःची सही करता येईना. आठ-दहा दिवसांत एकदम जमलं, कधी जमलं ते कळलं पण नाही, सायकलसारखं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात परत करायच्या विचारात असाल तर थांबा जरा.

पण खरी गंमत वेगळीच. माझे गोल अंडाकृती येत होते. मी म्हटलं हात बसलेला नाही, होईल. तीन आठवडे मी लंबगोलांवर सराव केला! मग एकदा पट्टी ठेवून टॅब्लेटवर चौकोन आखला तर स्क्रीनवर आयत. टॅब्लेटची चित्र काढायची जागा आणि स्क्रीन यांचं लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं होतं आणि ड्रायव्हर (टॅब्लेट कम्प्युटरला जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) एकाला ताणून दुसऱ्यावर बसवत होता. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण सारखं ठेवायचा एक टिकमार्क असतो, तो लावला की काम फत्ते, टॅब्लेटची थोडी पट्टी वाया जाते, जाऊ दे. सोबत आलेल्या माहितीपत्रकात याबद्दल एक शब्द नाही, पेन कसा धरायचा याचं चित्र मात्र आहे. शिवाय विंडोज अपडेट झालं की प्रेशर गायब, मग ड्रायव्हर काढा, परत टाका, हे सहा महिन्यांत तीनदा. पेनाची टोकं झिजतात, दोन महिन्यांत माझं पहिलं टोक एका बाजूने तिरपं घासलं गेलं, जास्तीची टोकं पेनाच्या स्टँडच्या आत लपवलेली होती आणि मी ती शोधत घर उलटं केलं. टॅब्लेटवर साधा कागद चिकटवला तर कागदावर काढल्यासारखं छान लागतं, पण टोक दुप्पट वेगाने झिजतं, तुमचं तुम्ही ठरवा.

स्क्रीनवाला टॅब्लेट घ्यायचा का असं भाची विचारत होती, तिला म्हटलं आधी माउसने चेंडू पाडून दाखव. तिने दाखवला. माउसने! गोल कॉपी-पेस्ट करून सरकवत गेली, अर्ध्या तासात झाला, माझ्या पहिल्या चेंडूपेक्षा चांगला. तर टॅब्लेट पण पहिल्या दिवशी लागतोच असं नाही, चेंडू, लंबक, पडणारं पान एवढं माउसने होतं. पुढे पिशवी आली की लागतो.

पिशवी म्हणजे अर्धी भरलेली पिठाची पिशवी, हा एक जुना नामी व्यायाम आहे. तोंड नाही, डोळे नाहीत, चार कोपरे फक्त, आणि तिला उडी मारायला लावायची, वाकायला लावायचं, खूश किंवा दुःखी दाखवायचं. मला यावर दीड महिना लागला. उडीच्या आधी ती खाली दबली पाहिजे, तयारी घेतली पाहिजे, ते विसरलं की कोणीतरी दोरीने उचलल्यासारखी वर जाते. आणि वरचे कोपरे शरीराच्या मागून यायला हवेत, अंग थांबलं तरी कोपरे दोन फ्रेम हलत राहतात. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी ती १४ फ्रेमची क्लिप किती वेळा बघितली ते सांगायला लाज वाटते.

त्यानंतर चालणं. टेकलेला पाय, मग दबलेलं अंग, मग एक पाय दुसऱ्याला ओलांडतो ती पोझ, मग उचललेलं अंग, आणि परत टेकलेला पाय. या चार पोझ आधी काढून घ्यायच्या, मधलं नंतर भरायचं. माझा माणूस बर्फावरून घसरत चालायचा, कारण माणूस चित्रात एकाच जागी चालत असेल तर जमिनीवर टेकलेला पाय प्रत्येक फ्रेमला सारख्याच अंतराने मागे गेला पाहिजे आणि माझा कधी जास्त कधी कमी जात होता. इथेही वेगळ्या लेयरवर खुणा करूनच सुटका झाली. खुणांचा लेयर हा माझा सगळ्यात जास्त वापरलेला लेयर असेल.

रेटिंग द्यायचं तर पेन्सिल टूडीला पाचपैकी चार, आणि तो कापलेला एक स्टार रंग भरण्यासाठी. टॅब्लेटला तीन, आणि ते तीनही पेनाला चार्जिंग लागत नाही म्हणून. ज्यांना महिन्याभरात पोर्टफोलिओ करून कामं घ्यायची आहेत, त्यांनी पेन्सिल टूडीवर थांबू नका, काम देणारे जे सॉफ्टवेअर मागतात तेच शिकावं लागेल. ज्यांना कटआउट पद्धतीने, म्हणजे हात-पाय सुटे करून हलवायचंय, त्यांनी तर याकडे बघूच नका. मी स्वतः आता रफ सगळं इथेच करते, टायमिंग पक्कं झालं की चित्रांची मालिका काढून क्रिटात नेते आणि तिथे रेघ साफ करते. सध्या एक मांजर खिडकीतून उडी मारतंय, ११ फ्रेम झाल्यात, उतरताना पुढचे पाय आधी टेकतात की चारही एकदम यावर अडलेय, कुणाकडे मांजर असेल तर जरा स्लो मोशनमध्ये शूट करून बघा आणि सांगा.